जमिनीवर बसून आखलेली शाळा

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिच्या तीन वर्गखोल्यांपैकी दोन धोकादायक ठरून त्यांच्या निर्लेखनाला, म्हणजे त्या पाडून टाकण्याला, मंजुरी मिळाली होती आणि पहिली ते चौथीची ४७ मुले उरलेल्या एका खोलीत व तिच्यासमोरच्या ओसरीत दाटीवाटीने बसत होती. नव्या इमारतीचा खर्च एक न्यास उचलणार होता. जागा आणि मान्यता जिल्हा परिषदेची होती. वास्तुविशारद म्हणून मला तोवर पंधरा वर्षे झाली होती आणि दोन खासगी शाळांच्या इमारतीही मी आखल्या होत्या, तरी त्या वाडीवरचा पहिला दिवस माझ्यासाठी नव्याने शिकण्याचा ठरला.

मोजमापे घेऊन झाल्यावर गुरुजींनी मला खुर्ची दिली, पण वर्ग चालू होता आणि खुर्चीमुळे मुलांची जाण्यायेण्याची वाट अडत होती, म्हणून मी पहिलीच्या रांगेत मांडी घालून बसले. उभी असताना ज्या खिडकीतून मला मैदान, कडुनिंब आणि पलीकडची ज्वारीची राने दिसत होती, त्याच खिडकीतून आता केवळ आभाळाचा एक पांढरा तुकडा दिसू लागला. फळ्याची खालची कड डोळ्यांच्या वर होती. तक्ते, खुंट्या, दाराची वरची कडी, दिव्याची बटणे, सारे काही उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर होते. मी टेप काढून पुन्हा मोजले. खिडकीचा उंबरा जमिनीपासून ३ फुटांवर होता आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुलीचे डोळे जेमतेम पावणेदोन फुटांवर. मधल्या सुट्टीत मी चौथीच्या मुलांची मापे घेतली. त्यांचे डोळेही दोन फुटांच्या आसपासच होते. चार वर्षे रोज त्या खोलीत बसून एकाही मुलाला बसल्या जागेवरून झाड दिसणार नव्हते.

शाळांसाठी जो ठरावीक नकाशा सर्वत्र वापरला जातो, तो काही कोणी निष्काळजीपणाने केलेला नाही. एका ओळीत सारख्या आकाराच्या खोल्या, पुढे ओसरी, टोकाला कार्यालय, अशी ती मांडणी स्वस्त पडते, तिचे अंदाजपत्रक लवकर तयार होते आणि कोणताही गवंडी ती बांधू शकतो. परंतु त्यात एक गृहीत धरलेले असते, ते म्हणजे एका इयत्तेची एक खोली आणि त्या खोलीत फळ्याकडे तोंड करून बसलेली मुले. आमच्या शाळेत दोन शिक्षक होते, गुरुजी आणि बाई. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पर्यंत पटसंख्येला दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली द्यावी लागते. महाराष्ट्रात अशा द्विशिक्षकी शाळा गावोगावी आहेत. तिथला शिक्षक पहिलीला अक्षरे गिरवायला लावून दुसरीकडे वळतो, दुसरीला बेरजा देऊन पुन्हा पहिलीकडे येतो, आणि मधल्या काळात मुले आपापसांत शिकत असतात. म्हणजे एकाच खोलीत एकाच वेळी दोन-तीन निरनिराळी कामे चाललेली असतात. त्या कामांना चौकोनी खोली आणि एकच फळा पुरत नाही.

नकाशा काढण्याआधी मी तीन आठवड्यांतले नऊ दिवस शाळेत जाऊन बसले. अमेरिकेत शिकागोजवळच्या विनेटका गावातील क्रो आयलंड शाळा १९४० साली एलिएल आणि एरो सारिनेन या वास्तुविशारद पितापुत्रांनी पर्किन्स, व्हीलर आणि विल या संस्थेबरोबर आखली, तेव्हा त्या संस्थेतले लॉरेन्स पर्किन्स वर्गांत बसून मुलांकडे आणि शिक्षकांकडे पाहत असत. त्या शाळेतील वर्ग इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे आहेत, प्रत्येकाला स्वतःचे अंगण आणि स्वच्छतागृह आहे, छत ९ फुटांवर आणि दिव्यांची बटणे मुलांच्या हाताशी आहेत. हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते, परंतु तिथली आकृती लक्षात ठेवली आणि ती ज्या बसण्यातून निघाली ते बसणे विसरले होते.

नऊ दिवसांत मी वहीत मुलांच्या जागांचे टिपण ठेवले. सुट्टीत मैदान रिकामे आणि ओसरीच्या जोत्याची कड भरलेली असे. गोष्ट वाचणारे मूल हमखास पाठीला काहीतरी टेकायला शोधत असे. खांब, दप्तरांचा ढीग, कधी उघड्या दाराची फळी. दार आणि भिंत यांच्यामधल्या तिकोनी सांदीत दुसरीच्या दोन मुली रोज बसत. शिक्षकांना ती सांद दिसत होती आणि तिथे त्या मुलींना मोकळे सोडण्याइतके शहाणपण बाईंकडे होते. "तिथं बसून त्या जास्त वाचत्यात," एवढेच त्या मला म्हणाल्या. माझ्या पहिल्या आराखड्यात अशी एकही सांद नव्हती.

त्या पहिल्या आराखड्याविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण लवचीक इमारत म्हणजे काय याविषयीची माझी चूक त्यात स्पष्ट दिसते. मी दोन मोठ्या चौकोनी खोल्या आखल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये भिंतीऐवजी सहा पाखांचे घडीचे दार घातले होते. दार बंद केले की दोन वर्ग, उघडले की स्नेहसंमेलनाला पुरेल असे एक सभागृह. कागदावर ते फार देखणे दिसत होते. गुरुजींनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "मॅडम, हे रोज उघडणार कोण?" मी म्हटले, तुम्ही आणि बाई. त्यावर त्यांनी मला दुसऱ्या तालुक्यातील एका शाळेत नेले. तिथे असेच दार होते. त्याची खालची पट्टी मातीने भरली होती, दोन पाखे बिजागरीतून उतरली होती आणि सगळे तारेने बांधून ठेवलेले होते. बांधल्यापासून ते किती वेळा उघडले, असे विचारल्यावर तिथल्या शिक्षकांनी उद्घाटनाचा दिवस सांगितला. त्याहून वाईट म्हणजे दोन्हीकडचा आवाज त्या पातळ पाखांतून जसाच्या तसा येत होता. एका बाजूला पाढे चालले होते आणि दुसऱ्या बाजूची बाई श्रुतलेखन घेताना प्रत्येक शब्द दोनदा उच्चारत होती.

आवाजाचा हा धडा जगाने आधीच घेतलेला आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये भिंतीविना शाळा बांधण्याची मोठी लाट आली आणि पुढे त्यांपैकी अनेक शाळांत कपाटे आडवी लावून, पडदे टांगून, अखेर भिंती बांधून वर्ग पुन्हा वेगळे करावे लागले. सहा वर्षांच्या मुलाला अजून भाषा ऐकून शिकायची असते; गोंगाटातून शब्द वेचून घेण्याची मोठ्या माणसाची सवय त्याच्या कानांना लागलेली नसते. परतीच्या वाटेवर मी घडीचे दार मनातून काढून टाकले. जी गोष्ट बदलायला दोन मोठी माणसे, किल्ली आणि मोकळा अर्धा तास लागतो, ती शाळेत बदलली जात नाही. बदल मुलाच्या किंवा एकट्या शिक्षकाच्या हाताने, चालू तासाला, शिकवणे न थांबवता करता आला पाहिजे. पुढचा प्रत्येक निर्णय मी याच कसोटीवर घासून घेतला.

दुसरा आराखडा कागदावर न दाखवता मैदानावर आखायचा असे ठरवले. गवंड्यांकडून चुन्याच्या फक्कीचे पोते आणले आणि एका शनिवारी सकाळी गुरुजी, बाई, शाळा व्यवस्थापन समितीतल्या चार माता आणि झाडून सगळी मुले यांच्यासमोर दोन्ही खोल्या, ओसरी आणि दारे खऱ्या मापाने जमिनीवर मारली. भिंतीच्या जागी दुहेरी रेघ, दाराच्या जागी मोकळी फट. मग मुलांना आत जाऊन बसायला सांगितले. बहुतेक मुले भिंतींच्या रेघांना पाठ लावून बसली, जणू तिथे खरोखरच भिंत होती. चौथीतला एक मुलगा दारातून न जाता रेघ ओलांडून आत आला, तेव्हा सगळ्यांनी त्याला ओरडून परत पाठवले. दाराच्या सांदीत बसणाऱ्या त्या दोघींपैकी एक मात्र खोलीत गेलीच नाही. दोन खोल्यांच्या मध्ये ४ फुटांची एक मोकळी पट्टी मी पाण्याच्या निचऱ्यासाठी सोडली होती. ती तिथे जाऊन बसली आणि हाताने फक्की सारून तिने आपल्याभोवती एक लहान चौकोन बंद करून घेतला. बाई म्हणाल्या, "तिला तिची जागा द्या." मी ती जागा तिथल्या तिथे मोजली. ती साधारण ४ फूट बाय ५ फूट होती.

त्या सकाळी एल आकार मला पुन्हा आठवला आणि यावेळी त्याचे कारणही कळले. प्रत्येक वर्गाला १८ बाय २० फुटांचा मुख्य भाग आणि त्याला काटकोनात जोडलेला ८ बाय १० फुटांचा कोनाडा द्यायचा. भिंत नाही, दार नाही. केवळ कोपरा वळतो आणि वळल्यामुळे आवाज आणि नजर दोन्ही थोडी अडतात. शिक्षक कोपऱ्याच्या टोकाशी उभे राहिले की दोन्ही भाग दिसतात. पहिली मुख्य भागात वाचत असताना दुसरी कोनाड्यात मण्यांच्या माळा घेऊन बसू शकते आणि त्यासाठी काहीही उघडावे-मिटावे लागत नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील माँटेसरी शाळेत वास्तुविशारद हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६० च्या दशकात हाच आकार वापरला आणि मधल्या दालनात विटांचा एक बुटका ओटा बांधला. तो ओटा हलवता येत नाही, म्हणून शिक्षकांना तो सुरुवातीला अडचण वाटेल अशी भीती होती. परंतु मुलांनी त्याचे बैठक, रंगमंच, टेबल असे सगळे काही केले. आपल्याकडे पारावर हेच घडत आले आहे. म्हणून दोन वर्गांच्या मधल्या १० फुटी ओसरीत मी ९ इंच उंचीचा, शहाबादी फरशी घातलेला एक चौकोनी पार आखला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण या सगळ्या काळात मला वारंवार होत असे. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर पाड्यावरच्या अंगणात शाळा नेली, गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. त्यांच्यापाशी इमारत जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या शाळेने मुलाच्या दिवसाप्रमाणे स्वतःला बदलले. एवढे लवचीक दगड-सिमेंटला होता येत नाही, पण निदान आड तरी येऊ नये, अशी माझी धडपड होती.

मान्यतेचे टप्पे चार महिने चालले. ज्या अभियंत्यांकडे तांत्रिक तपासणी होती त्यांनी तीन हरकती घेतल्या आणि त्यांतल्या दोन रास्त होत्या. पहिली हरकत एल आकाराला होती. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या जिल्ह्याने सोसला, तिथे हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आत वळलेल्या कोपऱ्याच्या इमारती हादऱ्यात पिळवटतात आणि नेमक्या त्या कोपऱ्यातून फाटतात. म्हणून प्रत्येक वर्ग दोन स्वतंत्र आयतांत तोडून मध्ये सांधा ठेवला, जोत्याला आणि लिंटेलला, म्हणजे दारे-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईला, सलग पट्टे घेतले आणि खिडक्या कोपऱ्यांपासून दूर सरकवल्या. दुसरी हरकत ठरावीक नकाशापासून फारकत घेण्याला होती. ती न्यासाच्या निधीमुळे मिटली. तिसरी होती खिडक्यांच्या उंचीला. धाकट्यांच्या वर्गात उंबरा १२ इंचांवर आणि थोरल्यांच्या वर्गात १४ इंचांवर, म्हणजे मुलांना बसून बाहेर पाहता यावे आणि उंबऱ्यावर बसताही यावे. गज बाहेरच्या अंगाला घेतले, उंबऱ्याची फरशी आतल्या बाजूला ६ इंच पुढे काढली, म्हणजे ९ इंचांच्या भिंतीवर मुलाला पुरेशी बैठक झाली. पावसाचे पाणी आत येईल, असे अभियंत्यांनी मला स्पष्ट सांगितले. मी छज्जा दीड फुटाचा घेतला आणि पुरेल असे म्हटले.

कायद्याने आवश्यक असलेल्या बाकीच्या गोष्टी, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, यांत फार विचार करावा लागला नाही. फक्त नळ दोन उंचींवर लावले. उतारवाट १ ला १२ अशा प्रमाणात घ्यायची असल्याने १८ इंचांच्या जोत्याला ती १८ फूट लांब झाली.

पालकांची समजूत घालणे कार्यालयापेक्षा अवघड होते. त्यांना चकचकीत टाइल आणि इंग्रजी शाळेसारखे लोखंडी बाक हवे होते. या मागणीला कमी लेखणे मला मान्य नाही. आपल्या मुलाला जमिनीवर बसवले म्हणजे त्याला कमी दर्जाचे शिक्षण दिले, असे ज्या आईवडिलांना वाटते, त्यांच्या वाटण्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. समितीच्या अध्यक्ष असलेल्या आई बैठकीत म्हणाल्या, "आमी खाली बसून शिकलो, पोरांनी तरी वर बसावं." आम्ही एक महिना उसने आणलेले बाक एका बाजूला आणि बैठी मेजे दुसऱ्या बाजूला ठेवून वर्ग चालवला आणि पालकांना रोज कोणीतरी येऊन पाहा म्हटले. बाकांची रचना महिनाभरात एकदाही बदलली नाही. मेजे दिवसातून चार-पाच वेळा हलली. शेवटी थोरल्यांच्या वर्गात बुटक्या खुर्च्यांचा एक संच आणि बाकी सगळीकडे बैठी मेजे, असे ठरले. सुताराने केलेले पहिले मेज ११ किलोंचे होते. दुसरीतल्या दोन मुलांना ते उचलता आले नाही. पाय बारीक करून, खालची फळी काढून ते ५ किलोंवर आणले, तेव्हा मुलांनी ते आमच्यासमोर ओसरीत नेले आणि परतही आणले.

बांधकामात एक मोठा अडथळा आला. मी चार दिवस पुण्यात होते आणि परत आले तेव्हा धाकट्यांच्या वर्गाच्या दोन भिंती ३ फुटांपर्यंत सरळ उभ्या होत्या. खिडक्या नेहमीच्या उंचीवर सोडल्या होत्या. मिस्त्रींची यात काही चूक नव्हती, तीस वर्षांचा हात होता तो. "खिडकी कुठं जमिनीला लावत्यात व्हय?" असे त्यांनी मनापासून विचारले. मी काही समजावण्याऐवजी त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला बोलावले, भिंतीशी बसवले आणि त्याच्या डोळ्यांच्या रेषेत विटेवर खडूने खूण केली. मिस्त्री त्या खुणेकडे पाहत राहिले, मग स्वतः नातवाशेजारी बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंत फोडायला घेतली आणि त्यानंतर प्रत्येक खिडकीच्या वेळी नातवाला आणून बसवले.

भिंतींच्या रंगकामावर गुरुजींशी माझी बरीच चर्चा झाली. इमारत हेच शिकण्याचे साधन करण्याची कल्पना दिल्लीच्या विन्यास संस्थेच्या कबीर वाजपेयी यांनी मांडली, ती बाला या नावाने आपल्या शाळांत पोहोचली आहे, आणि २०१५ नंतर आमच्याच जिल्ह्यातील कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, ज्ञानरचनावादी (मुलाने स्वतः करून पाहत शिकण्याचे) वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. दोन्हींतून आम्ही घेतले: दाराच्या फिरत्या कडेखाली जमिनीवर कोनांच्या रेघा, खांबावर उंचीची पट्टी, फरशीवर संख्यारेषा. परंतु पुष्कळ शाळांत याच्या नकलेत भिंतीचा इंच न् इंच फुले, प्राणी आणि सुविचारांनी भरून टाकतात आणि मग मुलाचे स्वतःचे चित्र लावायला जागा उरत नाही. रंगवलेली भिंत घडीच्या दारासारखीच एकदा उद्घाटनाला उपयोगी पडते. आम्ही जमिनीपासून ३ फुटांपर्यंत सर्व भिंतींवर काळ्या फळ्याची पट्टी फिरवली, तिच्यावर कागद अडकवायला लाकडी पट्टी ठोकली आणि वरचा भाग पांढरा, रिकामा ठेवला.

शाळा १५ जूनला नव्या इमारतीत भरली, तिला आता दुसरे वर्ष चालू आहे. पारावर खिचडीच्या पंगती बसतात आणि शनिवारी बाजार भरतो. खिडकीच्या उंबऱ्यांची दुकाने होतात, बाहेर गिऱ्हाईक आणि आत दुकानदार. एप्रिलच्या दुपारी शेजारच्या अंगणवाडीच्या ताई लहानग्यांना धाकट्यांच्या कोनाड्यात आणून निजवतात, कारण तिथे वारा खेळतो. थोरल्यांचा कोनाडा पश्चिमेला आहे आणि तो उन्हाळ्यात तापतो. ती चूक माझी. सकाळच्या शाळेत दहानंतर तिथे कोणी बसत नाही, हे मुलांनीच ठरवले आहे. त्या ४ बाय ५ फुटांच्या जागेला आम्ही ओसरीच्या टोकाशी, पाराच्या मागे बसवले. ज्या मुलीने फक्की सारली होती ती आता चौथीत आहे आणि तिथे सहसा बसत नाही; पहिलीतला एक अबोल मुलगा बसतो.

अभियंत्यांनी पाण्याविषयी सांगितले ते खरे निघाले. गेल्या सप्टेंबरात परतीचा पाऊस पूर्वेकडून आला आणि उंबऱ्यावर ठेवलेली तीसेक पुस्तके भिजली. बाईंनी ती दोरीवर वाळत घातली आणि कपाट आतल्या भिंतीला सरकवले, तेही मधल्या सुट्टीत, चार मुलांच्या मदतीने. छज्जा आणखी एक फूट पुढे काढायचे अंदाजपत्रक मी अभियंत्यांच्याच टेबलावर नेऊन ठेवले आहे. मंजुरी येईपर्यंत पूर्वेच्या तीन खिडक्यांवर ताडपत्री बांधायची आहे, तिच्या दोऱ्या ओढायच्या कड्या मिस्त्री सव्वादोन फुटांवर लावणार आहेत.